घरी शिकल्या, आणि शाळा काढल्या

परवा शुक्रवारी जेवताना आमच्या टीममधल्या एकाने जाहीर केलं, की जूनपासून त्याची मुलगी शाळेत जाणार नाही. मुलगी ७ वर्षांची. आजारी वगैरे नाही, शाळेची फी परवडत नाही असंही नाही. तो आणि त्याची बायको तिला घरीच शिकवणार आहेत. टेबलावर लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी म्हणाली, लकी आहे लेकाची, नाहीतर आमची पोरं बघा, सकाळी सहाला झोपेत बसमध्ये कोंबतो. दुसरी पार्टी म्हणाली, अरे पण दहावीचं काय? त्याचं उत्तर त्याच्याकडे तयार होतं. मुक्त विद्यालय आहे, आणि काहीच नाही तर सतरा नंबरचा फॉर्म आहेच. मग "चारचौघांत मिसळणार कशी?" झालं. त्यावर सोसायटीतली मुलं, पोहण्याचा क्लास, आजोळ वगैरे झालं. आणि शेवटी त्याने ठेवणीतला बाण काढला. "आपल्याकडे यात नवीन काय आहे? पंडिता रमाबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? रमाबाई रानडे? आनंदीबाई जोशी? सगळ्या घरीच शिकल्या ना?"

सगळे गप्प. मीसुद्धा. कारण बरोबरच आहे की! (आनंदीबाई मधूनमधून मिशनच्या शाळेत गेल्या होत्या, पण त्यांचा खरा मास्तर घरातच होता.) पण उत्तर पटूनही काहीतरी खटकत होतं. म्हणून शनिवार-रविवार या तिघींच्या चरित्रांत डोकं घातलं. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

सुरुवात पंडिता रमाबाईंपासून. खरं तर त्यांच्या आईपासून करायला हवी. रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे तरुणपणी पुण्यात शिकत होते. त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यावर जाऊन पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवत. बाई संस्कृत शिकते हे बघून या तरुण शास्त्र्याच्या डोक्यात किडा शिरला, की आपणही बायकोला शिकवायचं. पहिल्या बायकोच्या वेळी घरच्यांनी ते होऊ दिलं नाही. ती वारल्यावर चाळिशी उलटलेल्या शास्त्रीबुवांनी ९ वर्षांच्या लक्ष्मीबाईंशी लग्न केलं आणि त्यांना शिकवायला बसवलं. यावर गावात गदारोळ. शेवटी पंडितांच्या सभेत शास्त्राधार देऊन स्वतःची बाजू मांडावी लागली, आणि मग ते बायकोला घेऊन पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या जंगलात जाऊन राहिले. वाघांची डरकाळी ऐकू येणाऱ्या त्या रानात २३ एप्रिल १८५८ ला रमाबाई जन्मल्या.

थोड्याच दिवसांत हे कुटुंब तिथूनही उठलं आणि वर्षानुवर्षं तीर्थयात्रा करत, देवळांत पुराण सांगत फिरत राहिलं. रमेला शिकवलं आईने. वडील थकले होते. आई पहाटे लेकीला उठवून जवळ घेऊन बसे आणि श्लोक सांगे. ना फळा, ना पाटी, ना इयत्ता. बाराव्या वर्षी भागवताचे १८,००० श्लोक मुखोद्गत होते असं सांगतात. संस्कृत त्या वाचत नसत, बोलत. पुढे १८७८ मध्ये त्या भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या तेव्हा तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. वय वर्षं २०. म्हणजे निकाल बघायचा तर घरच्या शिक्षणाला शंभर पैकी शंभर. कोणती शाळा असं शिकवणार होती? तेव्हाची नाहीच, आणि आजचीही नाही. एक शिक्षक, एक मूल, मुलाच्या गतीने चाललेला अभ्यास, आणि शिकवणाऱ्याला त्या विषयाचं खरंखुरं वेड. होमस्कूलिंगवाले जे फायदे सांगतात ते सगळे इथे आहेत आणि ते खरे आहेत.

पण याच गोष्टीचा दुसरा भाग आहे. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यात मोठा दुष्काळ पडला. पुराण ऐकून दक्षिणा देणारे लोकच अन्नाला महाग झाले. होतं नव्हतं ते विकून झालं. आधी वडील गेले, मग आई, मग मोठी बहीण. उरले रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास. दोघं उपाशीतापाशी हजारो मैल पायी हिंडली. रमाबाईंनी आपल्या आत्मकथनात या दिवसांबद्दल लिहिलंय, आणि त्यात आईवडिलांवर माया असूनही एक तक्रार आहे. त्यांनी आम्हाला बाहेरच्या जगाच्या वाऱ्यालाही उभं केलं नाही. इंग्रजी नाही, पोटापाण्याची कुठली विद्या नाही, आणि अंगमेहनतीचं काम करणं कमीपणाचं, हेही घरातच शिकलेलं. १८,००० श्लोक पाठ, पण त्यातला एकही दोन वेळची भाकर मिळवून देईना.

त्याहून मोठी गंमत पुढेच आहे. (गंमत कसली म्हणा.) इतक्या बंडखोर बापाने मुलीला काव्य, व्याकरण, पुराणं शिकवली, पण वेद नाही शिकवले. ती रेघ त्यालाही ओलांडवली नाही. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांनी त्यांच्या हातात वेदाची प्रत ठेवली. आणि बायकांपुढे स्त्रीधर्मावर व्याख्यान द्यायचं म्हणून तिथेच त्या धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला बसल्या, तेव्हा त्या ग्रंथांत बायकांबद्दल काय काय लिहिलंय ते त्यांना पहिल्यांदा नीट कळलं. पुढच्या आयुष्यातल्या सगळ्या वादळांची सुरुवात तिथून आहे. घरच्या अभ्यासक्रमातून जे वगळलं गेलं होतं, नेमकं तेच त्यांना सगळ्यात जास्त कामाचं होतं. आणि काय वगळलंय हे घरात बसून कळायला मार्ग नव्हता, कारण वगळणाराच शिक्षक, तोच परीक्षक आणि तोच बाप.

आता दुसऱ्या रमाबाई. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगी. १८७३ च्या डिसेंबरात महादेव गोविंद रानड्यांशी लग्न झालं तेव्हा वय ११, नवऱ्याचं ३१. माहेरी मुलींना शिकवायची पद्धत नव्हती, त्यामुळे अक्षरओळखही नव्हती. रानडे तेव्हा पुण्यात न्यायखात्यात होते. दिवसभर कोर्ट, सभा, भेटायला येणारे लोक, आणि रात्री माडीवर बायकोची पाटी-पेन्सिल. रानडे शिक्षक म्हणून फारच धीराचे असावेत. आवाज चढवल्याची आठवण सापडत नाही. पुढे कलकत्त्यात असताना तर बायकोला बंगाली शिकवायचं म्हणून ते आधी स्वतः बंगाली शिकायला लागले, आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्याला अडलेले शब्द विचारत बसले. हा मोठा न्यायाधीश आणि असला मास्तर! रमाबाईंनी त्यावरून त्यांची थट्टाही केली आहे. आपल्या विद्यार्थिनीला आपली थट्टा करता येते, हे मला त्या सगळ्या शिक्षणातलं सगळ्यात महत्त्वाचं सर्टिफिकेट वाटतं.

पण घर म्हणजे फक्त माडी नव्हे. खाली स्वयंपाकघर होतं आणि तिथे सासरच्या बायका होत्या. रात्री माडीवर जे शिकायचं त्याची किंमत दिवसा खाली मोजायची. टोमणे, अबोला, कामात वगळणं. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या १९१० च्या पुस्तकातला हा भाग वाचताना आजही जीव गुदमरतो. मुलींच्या हायस्कुलाची मागणी करायला पुण्यात सभा भरली, तिथे इंग्रजीतलं निवेदन रमाबाईंनी उभं राहून वाचलं. मोठाच प्रसंग. आणि घरी परत आल्यावर कौतुक सोडा, बोलणी खावी लागली. शाळेत जाणाऱ्या मुलीला शाळेत मार बसला तर रडायला घर असतं, आणि घरी जाच असला तर श्वास घ्यायला शाळा असते. इथे दोन्ही एकाच छपराखाली. पळून जायला दुसरी जागाच नाही.

हे सगळ्यात टोकाला गेलेलं बघायचं तर आनंदीबाई. कल्याणची यमुना, जन्म ३१ मार्च १८६५, लग्न नवव्या वर्षी. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टातला कारकून, विधुर, वयाने वीसेक वर्षांनी मोठा. लग्नाआधीच त्याची अट होती, की मुलीला मी शिकवणार. पुढचं बरंच 'आनंदी गोपाळ' या कादंबरीमुळे आणि २०१९ च्या सिनेमामुळे आपल्याला माहीत आहे. अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भुज, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या, प्रत्येक ठिकाणी लोकांची टवाळी, चौदाव्या वर्षी झालेलं आणि १० दिवसांत गेलेलं मूल. मग १८८३ च्या एप्रिलमध्ये एकटीने बोटीने अमेरिका, आणि ११ मार्च १८८६ ला फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर. तीन वर्षांत परदेशात डॉक्टर होण्याइतकं इंग्रजी या बाईला आलं ते गोपाळरावांच्या हट्टामुळे, हे कुणी नाकारू शकत नाही.

पण तो हट्ट कसा होता? बायको स्वयंपाक नीट करत नाही म्हणून मारणारे नवरे गल्लीत हवे तेवढे होते, हा अभ्यास सोडून स्वयंपाकघरात गेली म्हणून मारणारा, अशी त्याची ख्याती सांगतात. आपण हे हसून सांगतो. आनंदीबाईंनी स्वतः ते हसून सांगितलेलं नाही. अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी लहानपणी खाल्लेला मार, अंगावर भिरकावलेल्या वस्तू, सोडून जाण्याच्या धमक्या, सगळ्याची आठवण करून दिली आहे. आणि तरीही, तुमचं वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, अशा अर्थाचं त्या लिहितात, कारण ज्या हेतूने ते होतं तो हेतू चांगला होता. हे पत्र लिहायला समुद्र ओलांडावा लागला. शिक्षक घरात असताना ते लिहिता आलं नसतं. अमेरिकेत त्यांना मिसेस कार्पेंटर भेटल्या, ज्यांना त्या मावशी म्हणत. कॉलेजात डीन बॉडली भेटल्या. नवऱ्याखेरीज दुसरं कुणीतरी आपल्याकडे विद्यार्थिनी म्हणून, माणूस म्हणून बघतंय, हा अनुभव खऱ्या अर्थाने तिथे मिळाला. फार काळ नाही मिळाला. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बाविसावा वाढदिवस यायच्या आत, त्या पुण्यात गेल्या.

आमच्या धंद्यात 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळी सिस्टम एकाच सर्व्हरवर उभी. सर्व्हर उत्तम असेल तर काम झकास चालतं, कुणाला शंका येत नाही. पण तो बसला की सगळंच बसतं, आणि तो चुकीचं काही करत असेल तर ते सांगायला दुसरा सर्व्हर नसतो. अनंतशास्त्री, रानडे आणि गोपाळराव. तिघं आपापल्या काळाच्या पुढचे, तिघांचा हेतू चांगला. विद्यार्थिनींच्या वाट्याला काय आलं हे मात्र शिक्षकाच्या स्वभावावर ठरलं. रानडे मिळाला तर नशीब, गोपाळराव मिळाला तरी नशीब.

आता माझ्या मित्राच्या वाक्याकडे येतो. या बायका घरी शिकल्या, हे खरं. पण पुढे त्यांनी काय केलं? त्यांनी शाळा काढल्या!

पंडिता रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या, तेव्हा हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी मुलींसाठी शिक्षिका तयार करा, स्त्री डॉक्टर तयार करा अशी मागणी केली. मग इंग्लंड, मग अमेरिका. जंगलात पाठांतराने शिकलेली ही बाई फिलाडेल्फियात किंडरगार्टन पद्धतीच्या प्रेमात पडली, ते शिक्षण घेऊन आली. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं. तिथे सुरुवातीच्याच विद्यार्थिनींत गोदूबाई नावाची एक तरुण विधवा होती. तिचं पुढे धोंडो केशव कर्व्यांशी लग्न झालं, आणि त्या कर्व्यांनी काय उभं केलं ते पुणेकरांना सांगायला नको. स्वतःच्या मुलीचं, मनोरमेचं, रमाबाईंनी काय केलं? तिलाही आईने पहाटे मांडीवर घेऊन सगळं शिकवलं असं झालं नाही. ती बराच काळ इंग्लंडात वाँटेजच्या सिस्टरांजवळ वाढली.

रमाबाई रानडे पतीच्या पश्चात सेवासदनाच्या मागे लागल्या. १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनात बायका शिक्षिका झाल्या, नर्स झाल्या. माडीवर एकटीने जे शिकायला मिळालं ते चारचौघींत बसून, उजेडात, कुणाचा अबोला न सोसता शिकता यावं, एवढी साधी ती कल्पना होती. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधी सावित्रीबाई फुले. त्याही सासरी आल्यावर जोतीरावांकडून शिकल्या, आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या.

सावित्रीबाईंचं नाव आलं की अजून एक मुद्दा येतो, जो आमच्या कॅन्टीनच्या टेबलावर कुणालाच सुचला नाही. मलाही नाही. फुल्यांच्या शाळेत मुक्ता साळवे नावाची मांग समाजातली मुलगी होती. तीन वर्षं शिकली, आणि १८५५ मध्ये, चौदाएक वर्षांची असताना, तिचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आजही वाचून हादरायला होतं. आता हिला घरी कोण शिकवणार होतं? तिच्या घरी संस्कृतचा पंडित नव्हता, न्यायाधीश नव्हता, पोस्टातला कारकूनही नव्हता. घरातलं शिक्षण म्हणजे घरात आधीच जे आहे त्याची वाटणी. ज्या घरात शतकानुशतकं अक्षर पोचूच दिलं नव्हतं, तिथल्या पोरीला शाळा हा एकच दरवाजा होता. जोतीरावांनीही १८८२ मध्ये हंटर कमिशनला निवेदन दिलं, त्यात १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं सांगितलं. त्याचा देशपातळीवरचा कायदा व्हायला २००९ उजाडलं. आपण आपलं मूल शाळेतून काढतो तेव्हा गैर काही करत नाही. पण शाळा ही गोष्टच निकामी आहे, असं बोलायला आपण ज्या घरात बसलोय ते घर आठवावं.

असो. आता थोडं स्वतःबद्दल, कारण त्याशिवाय हे प्रवचन अर्धवट राहील. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा मी माझ्या मुलाला डायनिंग टेबलावर अपूर्णांक शिकवत होतो. पहिला आठवडा स्वर्ग. पोळीचे तुकडे काय, मोसंबीच्या फोडी काय, वाटलं मी तर जन्मजात शिक्षक! तिसऱ्या आठवड्यात, सकाळपासून मीटिंगा झालेल्या, त्याने छेद सोडून नुसते अंश बेरीज केले, चौथ्यांदा, आणि मी वही उचलून भिंतीवर फेकली. तो काही बोलला नाही. उठून वही आणली, पान सरळ केलं आणि परत बसला. जाणार कुठे? सरही मीच, बाबाही मीच. आनंदीबाईंचं ते पत्र वाचताना मला आज दुपारी तेच पान आठवत होतं.

उद्या कॅन्टीनमध्ये मित्र भेटेल. त्याला "करू नकोस" असं मी सांगणार नाही. त्याला गणिताचं वेड आहे, त्याची बायको सुरेख चित्रं काढते. त्या पोरीला पहाटेच्या त्या श्लोकांसारखं काहीतरी आयुष्यभर पुरणारं मिळेलही. एवढंच विचारीन, की तुम्हा दोघांखेरीज तिला शिकवणारं तिसरं कोण आहे? तुम्ही चुकलात हे ती कुणाला सांगेल? आणि दोन वर्षांनी ती म्हणाली, की मला शाळेत जायचंय, तर तुम्ही ते हार न मानता ऐकाल का? याची उत्तरं त्याच्याकडे असली तर उत्तमच. मग जूनमध्ये अपूर्णांक शिकवायला कधीतरी मला बोलव म्हणेन. मोसंबी मी आणीन. वही मात्र तिच्याच हातात राहू दे.